पद्धत कुणाची

५ फेब्रुवारी, गुरुवार

मागची नोंद एक वर्ष चार महिन्यांपूर्वीची आहे आणि ती गिझरच्या दुरुस्तीबद्दल आहे. इतके दिवस वही उघडली नाही याबद्दल दिलगीर आहे. वेळ नव्हता हे खोटं ठरेल. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं, आणि घडत नव्हतं हे लिहायची लाज वाटत होती.

आज घडलं. अकरा वाजता मोठ्या साहेबांनी सगळ्यांना काचेच्या खोलीत बोलावलं आणि जोखीम विभागाचे नवे प्रमुख म्हणून चिरंजीवांचं नाव जाहीर केलं. चिरंजीव हे मी ठेवलेलं नाव, घरात फक्त नवऱ्याला ठाऊक. नऊ वर्षांपूर्वी हा मुलगा शिकाऊ म्हणून माझ्या शेजारच्या खुर्चीवर आला, तेव्हा मला ताई म्हणायचा आणि व्याजदर कुठून येतात हे वहीत तीन रंगांच्या पेनांनी लिहून घ्यायचा. आता मॅडम म्हणतो.

टाळ्या झाल्यावर तो म्हणाला, "मी इथे जे शिकलो ते मॅडमकडून." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. जखमेवर मीठ चोळायची ही पद्धत त्याने माझ्याकडून नक्कीच शिकलेली नाही.

दुपारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. विचारलं, "माझं नाव निदान विचारात होतं का?"

"होतं ना. पण त्या पदाला मास्टर्स लागतं. तुमची बी.एस्सी. आहे. माझे हात बांधलेले आहेत हो."

"हा नियम कधी झाला?"

"झाला," साहेब म्हणाले, आणि चष्मा पुसायला घेतला.

वयाची पंचेचाळीस वर्षं पूर्ण झाली. तरी आज ठरवलं: मास्टर्स करायचं. का करायचं, ते उगाच गोड शब्दांत लिहिणार नाही. त्याला पाडायचं म्हणून.

८ फेब्रुवारी, रविवार

रागाचं कारण या वहीत कुठेच सलग लिहिलेलं नाही. लिहून ठेवते.

आमच्याकडे हजारो कर्जरोखे आहेत. त्यांतल्या पुष्कळांचा महिनोन् महिने सौदा होत नाही. सौदा नाही म्हणजे बाजारभाव नाही. पण रोज संध्याकाळी प्रत्येकाची किंमत तर लावावीच लागते. सात वर्षांपूर्वी मी त्यासाठी एक पद्धत बांधली. ज्या रोख्यांचा सौदा झाला, त्यांच्या भावांवरून पडून राहिलेल्यांचा भाव काढायचा. सांगायला सोपं, करायला मला अकरा महिने लागले. तेवढ्यात बाबा आजारी पडले. मी तीन महिने रजेवर होते. परत आले तेव्हा पद्धत समितीपुढे मांडून, मंजूर होऊन वापरात आली होती, आणि पहिल्या पानावर नाव होतं चिरंजीवांचं. एकट्याचं.

मी साहेबांकडे गेले होते. ते म्हणाले, "पद्धत कंपनीची असते, कुणा एकाची नसते." महिन्याभरात मला मॉडेल तपासणी विभागात बसवलं. दुसऱ्यांनी बांधलेल्या पद्धतींतल्या चुका काढायच्या, हे तेव्हापासून माझं काम.

तर, पर्याय तीन. नदीपलीकडच्या संस्थेतलं फायनान्शियल इंजिनिअरिंग: महाग, नावाजलेलं, शनिवार-रविवार. विद्यापीठातलं संख्याशास्त्र: स्वस्त, संध्याकाळचं, इमारतीचा रंग उडालेला. तिसरं डेटा सायन्स, घरबसल्या. त्याच्या जाहिरातीत सगळे विद्यार्थी दात दाखवून हसत आहेत.

संस्थेची माहितीपुस्तिका वाचताना पान अठरावर थांबले. 'अल्प व्यवहारांच्या रोख्यांचं मूल्यांकन.' अतिथी व्याख्याता: चिरंजीव. माझी पद्धत तो तिथे फी घेऊन शिकवतो.

१० फेब्रुवारी, मंगळवार

तक्ता केला. रकाने पाच: फी, वेळ, गणिताची खोली, बाजारातलं वजन, इतर. प्रत्येकाला शंभरांतला वाटा. पहिल्या फेरीत संख्याशास्त्र सरळ पुढे आलं. दुसऱ्या फेरीत मी 'इतर'चा वाटा पाचावरून पंधरावर नेला. तरी संख्याशास्त्रच. शेवटी तीसवर नेल्यावर संस्था वर आली.

'इतर' म्हणजे त्याच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणं. सगळं शिकवून झालं की हात वर करायचा आणि विचारायचं: सर, ही तिसरी पायरी अशीच का? तिसरी पायरी अशीच का, हे त्याला ठाऊक नाही. मला आहे. ती सुचली तेव्हा मी दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते.

असा तक्ता ऑफिसात कुणी माझ्यापुढे आणला असता, तर मी तो पाच मिनिटांत परत केला असता. शेरा: 'उत्तर आधी ठरवून वाटे मागाहून लावलेले दिसतात.' हे मला कळतं. कळूनही मी संस्थेचा अर्ज भरला. अंगात थोडी लाज शिल्लक होती म्हणून संख्याशास्त्राचाही भरला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

नवऱ्याला सांगितलं. त्याचं श्रवणयंत्रांचं दुकान आहे; दिवसभर लोकांच्या कानांशी बोलतो, त्यामुळे घरी हळू बोलतो.

"म्हणजे दोन वर्षांचे शनिवार-रविवार, आणि एवढी फी, एक प्रश्न विचारायला?"

"हो."

"प्रश्न कितव्या महिन्यात येतो?"

"दुसऱ्या सत्रात. सातव्या."

"मग उरलेले सतरा महिने काय करणार तू? बाकावर बसून त्याच्याकडे बघत राहणार?"

मी म्हटलं, तुला नाही कळायचं. तो म्हणाला, "मला ऐकू येतं गं, एवढंच." आणि चहा ठेवायला गेला. विनोद करून विषय संपवायची याची सवय मला बावीस वर्षं झाली तरी खपत नाही.

उरलेले सतरा महिने. याचं उत्तर तयार नाही हे खरं आहे.

४ मार्च, बुधवार

संस्थेची मुलाखत. लिफ्टला आरसे, खुर्च्यांना चाकं. तिघे जण होते. टाय लावलेल्याने विचारलं, "हाच अभ्यासक्रम का?"

मी म्हटलं, "विशेषतः अल्प व्यवहारांच्या रोख्यांच्या विषयासाठी."

"अरे वा! ते तर तुमच्याच कंपनीतले. नशीबवान आहात. फार ओरिजिनल काम आहे त्यांचं."

"ऐकून आहे," मी म्हटलं. इतकी शांत होते की स्वतःचीच भीती वाटली.

प्रवेश जागेवरच दिला. येताना बसमध्ये मी तो प्रश्न मनात चार प्रकारांनी विचारून पाहिला. सर्वांत नम्र प्रकार सर्वांत जास्त लागेल.

१३ मार्च, शुक्रवार

संख्याशास्त्र विभागाची मुलाखत. खरं तर जाणारच नव्हते. अर्जाचे पैसे भरले होते म्हणून गेले, असं लिहिते. तेही पूर्ण खरं नसावं.

समोर एकट्या बाई बसल्या होत्या. साठीच्या आसपास, खांद्यावर शाल, टेबलावर खडूंचा डबा. मुलाखतीचा कागद त्यांनी उलटा ठेवला आणि म्हणाल्या, "नोकरीत केलेलं एखादं काम सांगा. आवडलेलं."

मी तोंड उघडलं आणि पद्धत बाहेर आली. सात वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी ती पहिल्या पायरीपासून ऐकत होतं. मी फळ्यापाशी कधी गेले ते आठवत नाही. तिसऱ्या पायरीला बाई म्हणाल्या, "सुरेख!" माझे डोळे भरून आले. चाळिशी उलटलेल्या बाईने मुलाखतीत रडू नये म्हणून मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

मग त्यांनी विचारलं, "ज्यांचा सौदा झाला नाही, त्यांचा का झाला नाही?"

"म्हणजे?"

"अहो, गल्लीत दहा घरं विकायला काढली. सात गेली, तीन पडून राहिली. गेलेल्या सातांवरून तुम्ही पडलेल्या तिनांची किंमत काढता. पण ती तीन पडून का राहिली? आत ओल असेल. लोकांना काही तरी ठाऊक असेल. तुमच्या गणितात ते कुठे आहे?"

मी खडू हातात धरून उभी. ते कुठेच नव्हतं.

"बसा हो, बसा," बाई म्हणाल्या. "प्रवेश पक्का आहे. यादी तीस तारखेला लागेल."

१४ मार्च, शनिवार

काहीही केलं नाही. नवऱ्याने दोनदा विचारलं, बरं नाही का.

१६ मार्च, सोमवार

ऑफिसात दार लावून पडताळणी केली. जे रोखे वर्षभर पडून होते आणि शेवटी एकदाचे विकले गेले, असे सहा वर्षांत चारशे बारा निघाले. सौद्याच्या आदल्या संध्याकाळी आपण लावलेली किंमत एका बाजूला आणि प्रत्यक्ष भाव दुसऱ्या बाजूला ठेवला. चारशे बारांपैकी तीनशे एकाहत्तर वेळा आपली किंमत जास्त. थोडीथोडकी नाही. बाईंची ओल प्रत्येक घरात होती.

पहिली भावना: आनंद. लपवत नाही. उभी राहून खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. ज्या कामाच्या जोरावर त्याला केबिन मिळाली, जे तो संस्थेत ऐटीत शिकवतो, ते चुकीचं आहे! आणि कागदोपत्री ते शंभर टक्के त्याचं आहे. त्यानेच तर सही करून घेतलं होतं.

दुसरी भावना यायला अर्धा तास लागला. या पद्धतीची दरवर्षी तपासणी होते. सहा वर्षं ती तपासणी मी केली आहे. सहाही अहवालांच्या शेवटी 'आक्षेप नाही', आणि खाली माझी सही.

आमच्या विभागाचा पहिला नियम: बांधणाऱ्याने तपासायचं नाही. पहिल्या वर्षी फाईल टेबलावर आली तेव्हा मी ती परत पाठवायला हवी होती. हे माझं आहे, मी तपासू शकत नाही, असं म्हणून. पण तेव्हा डोक्यात एकच होतं: माझी नाही म्हणता ना, मग तपासते. जुने अहवाल काढून वाचले. मी दर वर्षी पद्धतीची परीक्षा घेतली ती रोज विकल्या जाणाऱ्या रोख्यांवर. ज्यात ती पास होणारच. दुसऱ्या कुणाची पद्धत असती तर ही पळवाट मी पहिल्या तासात पकडली असती. लेकराचा पेपर आईने तपासावा तसा तपासला.

२० मार्च, शुक्रवार

बेत पक्का केला. तपासणी विभागातर्फे आक्षेप नोंदवायचा: पद्धत मुळातून सदोष, वापर थांबवावा. बांधणारा: चिरंजीव. मी फक्त तपासणारी. आधी का नाही दिसलं असं विचारलं, तर नव्या आकड्यांवरून दिसलं म्हणायचं. माझ्या सहीवर थोडा ठपका येईल, त्याचं मात्र घर उन्हात बांधलं जाईल.

मसुदा लिहिताना हात इतका चालला की जेवणाची सुट्टी विसरले. एकही विशेषण नाही. 'पद्धतीच्या रचनाकाराने या मूलभूत प्रश्नाचा विचार केल्याचे आढळत नाही.' हे वाक्य मी चारदा वाचलं. पाचव्यांदा वाचताना रचनाकार कोण हे आठवलं, आणि तोंड कडू झालं. तरी वाक्य बदललं नाही.

खोटं त्यात एक अक्षर नाही. असं मी स्वतःला तीनदा सांगितलं, म्हणजे काही तरी आहे.

२५ मार्च, बुधवार

काल आक्षेप पाठवला. आज चार वाजता चिरंजीव स्वतः खाली आला. माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसला. डोळ्यांखाली काळं. घरी सहा महिन्यांचं मूल आहे, हे मला कुणी तरी सांगितलं होतं.

"ताई," तो म्हणाला.

सात वर्षांनी. मी म्हटलं, "मॅडम म्हणा. सवय झाली आहे."

"ताई, हे खरं आहे का? चारशे बारा?"

"मोजून बघा. बोटं लागली तर माझी घ्या."

"मोजलं. खरं आहे." तो खाली बघत होता. "पण ही पद्धत... मूळची तुमची ना? मी कधी नाही म्हटलंय?"

"हो कधी म्हटलंत?"

"तेव्हा साहेब म्हणाले, दोन नावं नकोत, समितीला गोंधळ होतो. त्या रजेवर आहेत, तूच मांड. मी नवीन होतो, ताई."

"आता जुने आहात."

त्याने खिशातून फोन काढला. मग म्हणाला, "मी लेखी देतो. पद्धत तुमची आहे असं. शुक्रवारी समिती आहे, त्याआधी."

सात वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली, ते त्याने मी खड्डा खणून झाल्यावर दिलं. मला हसू आलं.

"द्या. आत्ता द्या. इथेच बसून."

त्याने माझ्याच टेबलावर, फोनवर टाइप करून मेल पाठवला. साहेबांना, समितीला, मला. 'सदर पद्धतीची संकल्पना व रचना संपूर्णपणे मॅडमची आहे. माझा सहभाग मांडणीपुरता होता.' पाठवायच्या आधी त्याने तो तीनदा वाचला. भीतीने, दुसरं काय असणार.

घरी वाचून दाखवला. नवरा म्हणाला, "अगं, त्याने स्वतःच्या गळ्यातला साप काढून तुझ्या गळ्यात घातला आणि तू हार म्हणून मिरवतेस."

मी म्हटलं, "साप माझाच आहे. सात वर्षं त्याच्याकडे होता."

२७ मार्च, शुक्रवार

समिती. सगळं जसं झालं तसं लिहिते.

मला पर्याय होता. मेल बाजूला सारून म्हणता आलं असतं, जबाबदारी आली म्हणून हे आता माझ्यावर ढकलत आहेत. कुणीही विश्वास ठेवला असता. कागद माझ्या बाजूने होते. सकाळपर्यंत मी तेच बोलणार होते.

साहेबांनी विचारलं, "मॅडम, या मेलमध्ये जे लिहिलंय ते खरं आहे का?"

"खरं आहे. पद्धत माझी आहे. चूकही माझी आहे."

"म्हणजे सहा वर्षं तुम्ही स्वतःचंच काम तपासलंत?"

"हो."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"तुम्हाला सांगितलं होतं. सात वर्षांपूर्वी, तुमच्या केबिनमध्ये. तुम्ही म्हणालात, पद्धत कंपनीची असते. ती फाईल तपासणीला माझ्याकडे पाठवली, त्या कागदावर सहीही तुमचीच आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पण पुसायला घेतला नाही. कोपऱ्यात इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंनी मान वर करून विचारलं, "हे घ्यायचं का?"

"घ्या," मी म्हटलं. "तारखेसकट घ्या. देते."

समितीवर बाहेरचे एक सदस्य असतात, निवृत्त विमागणिती, फार कमी बोलतात. ते चिरंजीवाकडे वळून अगदी आपुलकीने म्हणाले, "मग तुमचं यात नेमकं काय होतं?"

तो म्हणाला, "सादरीकरण."

एकच शब्द. इतिवृत्तात गेला. त्या शब्दासाठी मी कुठल्याही संस्थेत कितीही वर्षं फी भरली असती.

माझंही झालं. सहाही अहवाल रद्द. चौकशी संपेपर्यंत तपासणीचं काम बंद, टेबल तेच. त्याची नेमणूक स्थगित. साहेबांना संचालकांनी वर बोलावलं. संध्याकाळी निघेपर्यंत ते खाली आले नव्हते.

जिन्यात चिरंजीव भेटला. मला वाटलं, आता तोंड सोडेल. तो म्हणाला, "ताई, ती ओल धरायची कशी गणितात? काही सुचलंय का?" मी पायऱ्या उतरत राहिले. एवढं होऊनही याला माझ्याकडून आणखी काही तरी हवंच आहे. निर्लज्जपणाची कमाल आहे.

बसमध्ये त्या प्रश्नाचाच विचार करत राहिले आणि दोन थांबे पुढे गेले.

६ एप्रिल, सोमवार

संस्थेचं पत्र आलं. पान अठराचा विषय यंदा होणार नाही, त्याऐवजी दुसरा काही तरी असेल. जागा कायम आहे, दहा तारखेपर्यंत कळवावं. विद्यापीठाच्या यादीत माझं नाव सातवं आहे.

नवरा म्हणाला, "आता तर झालं ना मनासारखं? मग मास्टर्स कशाला? निवांत बस की."

मी त्याला म्हटलं, सूड अर्धाच झालाय. चुकलेली पद्धत माझ्या नावावर आली, दुरुस्त झालेली अजून यायची आहे. ती मला करायची आहे, दुसऱ्या कुणी करण्याआधी, आणि तिच्या पहिल्या पानावर एकच नाव असेल. साहेबांच्या टेबलावर ती मी स्वतः नेऊन ठेवणार आहे. तेव्हा टेबलामागे साहेब असतील का, ते माहीत नाही. नसले तर घरचा पत्ता काढीन.

"हं," तो म्हणाला. "आणि चार दिवस कागदांवर जे गिरवतेयस ते?"

ते वेगळं. ज्यांचा सौदा झाला नाही त्यांनाही गणितात आधीपासून धरायचं. सौदा न होणं हीच एक माहिती मानायची. कसं, ते मला येत नाही. तीन ठिकाणी अडले आहे आणि तिन्ही ठिकाणी मला न शिकवलेलं गणित लागतं. काल दुपारी गिरवताना चहा गार झाला आणि त्या दोन तासांत मला चिरंजीव एकदाही आठवला नाही. हे बरं लक्षण नाही. राग असा निसटू देऊन चालणार नाही, दोन वर्षं पुरवायचा आहे.

संस्थेला नकार कळवला. नवा तक्ता केला नाही.

उद्या: मूळ गुणपत्रिका आणि दोन झेरॉक्स घेऊन संख्याशास्त्र विभागात, साडेदहाच्या आत.